वाऱ्यातलं गोल्फ आणि आमचं भाट्ये

वर्षातून गोल्फचा एकच आठवडा बघायला मिळणार असेल तर तो जुलैतला ओपनचा, म्हणजे ब्रिटिश ओपनचा बघा, असं मी ज्याला त्याला सांगत असतो आणि ओळखीतले गोल्फवाले माझ्याशी भांडतात. त्यांना एप्रिलमधली मास्टर्स स्पर्धा आवडते. मलाही आवडते. 2025 ला रोरी मॅकलरॉयने जस्टिन रोजला प्लेऑफमध्ये हरवून ती घेतली, चारही मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकून पूर्ण केल्या, तेव्हा पहाटेचे साडेचार वाजेपर्यंत मी पण जागा होतो आणि तो गुडघ्यावर बसून रडला तेव्हा माझेही डोळे भरले. पण मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टासारखं गवत आपल्या पायाखाली जन्मात येणार नाही, तिथे तो जे शॉट मारतो ते मारायची वेळही आपल्यावर येणार नाही. ओपनचं तसं नाही. बाजूला समुद्र, अंगावर वारा, जमीन टणक आणि उंचसखल, पाऊस आला तर आडवा. हे सगळं रत्नागिरीच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रत्नागिरीत गोल्फ कोर्स नाही. आम्हाला खरा राउंड खेळायचा तर पुणं गाठायचं, नाहीतर रात्रीची कोकणकन्या पकडून पनवेलला उतरायचं आणि सिडकोच्या खारघर व्हॅलीला जायचं. बॅग वरच्या बर्थवर आपल्याबरोबर झोपवायची. हे वर्षातून मोजक्या वेळा जमतं. बाकीचं माझं सगळं गोल्फ भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीला, दोन क्लब (गोल्फच्या काठ्या) घेऊन. सात नंबरचं आयर्न आणि एक वेज, बस. आणि माझं ठाम मत झालंय की आहे हे गोल्फ कमी दर्जाचं नाही, उलट खेळाच्या मुळाच्या जास्त जवळचं आहे.

सांगतो कसं ते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स कोणी ठरवून, नकाशा काढून बांधलेला नाही. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधला वाळूचा पट्टा, पीक येत नाही, मेंढ्या चरतात, तिथे लोक खेळायला लागले. किनाऱ्याकिनाऱ्याने लांब जायचं आणि तसंच परत यायचं. आधी 22 होल होती, 1764 मध्ये त्यांची 18 केली आणि पुढे जगभर तीच संख्या रूढ झाली. आणि मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट म्हणजे ती जागा आजही सार्वजनिक आहे, गावाची आहे. रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो, लोक कुत्री घेऊन, पोरंबाळं घेऊन फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या कापलेल्या गवतावर, फिरायला येतात. म्हणजे जगातला सगळ्यात मानाचा कोर्स आणि त्याला भिंत नाही.

आता भाट्ये. काजळी नदीच्या मुखापासून झरीविनायकापर्यंत सरळ पट्टा, एका अंगाला सुरूचं बन, दुसऱ्या अंगाला समुद्र. ओहोटीला ओली वाळू उघडी पडते ती चालायला अगदी घट्ट असते, तीच आमची फेअरवे. बन म्हणजे आउट ऑफ बाउंड्स, पाणी म्हणजे पेनल्टी. टाचेने गोल काढायचा, मधे झावळीचा दांडा रोवायचा, चेंडू गोलात थांबला की होल संपलं. पटर, म्हणजे चेंडू होलात ढकलायची काठी, नेतच नाही. चेंडू पिवळे किंवा केशरी, कारण पांढरा फेसाजवळ गेला की दिसत नाही, आणि समुद्रात एकही चेंडू जाता कामा नये हा आमचा पहिला नियम आहे, जाईल असं वाटत असेल तर तो शॉट मारायचाच नाही. माणसं फिरायला आली किंवा कोणी जाळं ओढायला लागलं की खेळ तिथल्या तिथे बंद, किनारा आधी त्यांचा आहे. आणि वरच्या कोरड्या वाळूत पाय ठेवायचा नाही, हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालून जातात.

ओल्या वाळूइतका कडक कोच मला पुण्यातही भेटला नाही. गवतावर चेंडूच्या अर्धा इंच मागे क्लब टेकला तरी गवत सांभाळून घेतं, चेंडू थोडा कमी जातो पण जातो. वाळूवर तेवढंच झालं की क्लब घुसतो, मनगटाला हिसका बसतो आणि चेंडू चार पावलं पुढे जाऊन पडतो. आणि शॉट कसा बसला ते जमिनीवर छापलेलं असतं, खूण चेंडूच्या जागेच्या पुढे असली तर बरोबर, मागे असली तर चूक. व्हिडिओ काढायची गरज नाही, मान खाली घालून बघायचं. लाट आली की पाटी कोरी.

आणि वारा. सकाळी लवकर गेलात तर मतलई असतो, जमिनीवरून समुद्राकडे. झरीविनायकाच्या दिशेने खेळताना तो डावीकडून येतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू आधीच उजवीकडे पळायला टपलेला असतो, त्यामुळे वारा आणि स्लाइस मिळून चेंडू थेट पाण्याकडे. मग निशाणा बनाच्या कडेवर धरायचा, डोळ्याला ते अगदी चुकीचं दिसतं, आणि विश्वास ठेवून मारायचा. परत येताना सगळं उलटं. नऊ-दहाच्या सुमारास मतलई पडतो, थोडा वेळ पान हलत नाही आणि मग खारा सुटतो, समुद्रावरून येणारा. तिथे पाग (फेकायचं जाळं) टाकायला एक म्हातारे चाचा येतात, ते सुरूच्या शेंड्यांकडे एकदा बघतात आणि मला सांगतात, "चला, आता खारा सुटला, तुमचा चेंडू मागे यायचा." आणि पाचव्या मिनिटाला तसंच होतं. मी फोनवर वाऱ्याचं अॅप बघायचं सोडून दिलंय.

वाऱ्याच्या तोंडावर मारताना सगळ्यांना वाटतं जोर लावावा. नेमकं तेच करायचं नसतं. जितका जोर तितकी चेंडूला उलटी फिरकी जास्त, ती फिरकीच चेंडूला वर उचलते आणि समोरून वारा असला की आणखी उचलते, चेंडू फुग्यासारखा वर जातो आणि जागच्या जागी खाली येतो. म्हणून मोठा क्लब घ्यायचा, चेंडू स्टान्समध्ये थोडा मागे ठेवायचा, स्विंग छोटा, हळू, आणि शेवट कमरेएवढ्या उंचीवर. ओपनमधले खेळाडू अर्धा दिवस हेच करत असतात, फक्त ते दोन इंचांच्या फरकाने करतात. हे बघायला मिळतं म्हणून मी म्हणतो ओपन बघा!

2023 चं ओपन रॉयल लिव्हरपूलला होतं. आपल्या शुभंकर शर्माने तिथे 68, 71, 70, 70 केले, पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत इतके शॉट, तिथे 71, म्हणजे चारपैकी एकही दिवस पारच्या वर नाही, संयुक्त आठवा आला. ओपनमध्ये भारतीयाची ही सगळ्यात चांगली कामगिरी आणि आपल्याकडे किती लोकांना माहितीये सांगा. शेवटच्या दिवशी तिथे धो धो पाऊस, इथेही जुलै, बाहेर झोडपतोय, मधेच लाईट गेली, मग मी मोबाईलवर नुसता स्कोअरबोर्ड रिफ्रेश करत बसलो. टीव्हीवर त्याला फार दाखवतही नव्हते. त्याने असं खास काहीच केलं नाही, हेच त्यातलं खास होतं. पार, पार, पार, एखादी बर्डी (पारपेक्षा एक कमी), बोगी (एक जास्त) झाली तर पुढच्या होलवर तिचा राग नाही. ज्याने ती स्पर्धा सहा शॉटनी जिंकली तो ब्रायन हार्मन पण लांब मारणारा नव्हेच, साडेपाच फुटांच्या आसपासचा माणूस, पण दहा फुटांच्या आतले पट, म्हणजे होलाकडे हळूच ढकलायचे शॉट, त्याने जवळजवळ चुकवलेच नाहीत.

म्हणून मला आमच्या गोल्फच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या सततच्या लांबीच्या चर्चेचा कंटाळा आलाय. अमुक इतके यार्ड, तमुकाचा नवा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब), चेंडूचा वेग. अरे आपण अठरा-वीस हँडिकॅपवाले, म्हणजे पारपेक्षा साधारण तेवढे शॉट जास्त घेणारे, आपले शॉट जातात कुठे ते एकदा कागदावर लिहा. ड्रायव्हरमुळे दोन जात असतील, ग्रीनच्या, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक गवताच्या, आजूबाजूच्या पन्नास यार्डात दहा जातात. अदिती अशोकचं टोकियो ऑलिम्पिक आठवा, 2021 चा ऑगस्ट, शनिवारची पहाट. त्या आठवड्यात अदिती लांबीला मैदानातल्या बऱ्याच जणींच्या मागे होती, सुवर्ण जिंकलेल्या नेली कोर्डाचा चेंडू कितीतरी पुढे पडायचा, तरी शेवटच्या होलपर्यंत मेडल डोळ्यासमोर होतं, ते सगळं पटिंगच्या जोरावर. बॅग उचलायला आई. 15 अंडर, म्हणजे पारपेक्षा 15 कमी, करून चौथी, ब्राँझ एका शॉटने गेलं. त्या दिवशी माझ्या बायकोने, जिने आयुष्यात गोल्फ बघितलं नव्हतं, स्वतः चहा टाकून माझ्याबरोबर बसून शेवटचे सहा होल बघितले आणि पट चुकला तेव्हा माझ्याआधी तिच्या तोंडून "अरे देवा" निघालं.

वाऱ्यावरून आणखी एक, जीव मिल्खा सिंग. 2012 ची स्कॉटिश ओपन, कॅसल स्टुअर्ट, समुद्राकाठचाच कोर्स. शेवटच्या दिवशी मागून येऊन त्याने 67 मारला आणि क्लबहाउसमध्ये थांबून राहिला, मागचे एकेक जण वाऱ्यात गळले आणि मग प्लेऑफमध्ये फ्रान्चेस्को मोलिनारीला हरवून तो जिंकला. आणि 2022 ची प्लेयर्स चॅम्पियनशिप, फ्लोरिडात, आपला पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी कॅमेरॉन स्मिथच्या एका शॉटने मागे, दुसरा. त्या आठवड्यात सतराव्या होलवर, ते पाण्यातलं ग्रीन, वाऱ्याने भल्याभल्यांचे चेंडू बुडवले, आणि हवामानामुळे स्पर्धा सोमवारपर्यंत गेली. आपल्या खेळाडूंची मोठी नावं काढून बघा, त्यात वारा किंवा पाऊस कुठेतरी येतोच. पावसाळी देशातली माणसं आहोत आपण, हे मी अभिमानाने म्हणतो.

टूर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धा, बघताना माझी एक सवय आहे ती पण सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी मी लीडर बघत नाही, कट बघतो. ओपनला पहिले 70 आणि बरोबरीतले, मास्टर्सला 50, बाकीचे दोन दिवसांत घरी, आणि टूरच्या बहुतेक स्पर्धांत कट चुकला की कमाई शून्य, हॉटेल-विमान आपल्या खिशातून. कटच्या रेषेवर शेवटचे दोन होल खेळणाऱ्या माणसाला पार वाचवताना बघणं यासारखं शिक्षण नाही. सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह लीगमध्ये कट नाही, पैसा मात्र अफाट, आणि लाहिरी तिकडे गेला म्हणून मी तेही बघतो, पण शुक्रवारची ती धाकधूक तिथे नाही आणि मला तिची फार उणीव वाटते. खेळाडू पैशाला गेले याचा मला राग नाही, पोट सगळ्यांना आहे.

आता परत कोकणात. अधूनमधून कोणीतरी बोलतं की कोकणात पर्यटन वाढवायचं तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मस्त अठरा होलचा कोर्स करावा, रिसॉर्ट करावं. मी गोल्फवेडा माणूस आहे आणि मी सांगतो, नको. सडा म्हणजे पडीक जागा नाही. त्या कातळावर पावसात फुलांचे गालिचे येतात, गुरं चरतात, त्याच कातळातून मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. आणि उक्षी, जांभरूण, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी इथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, अजून कुठल्या सड्यावर काय झाकलेलं असेल सांगता येत नाही. त्यावर माती ओतून विलायती गवत लावायचं आणि ते उन्हाळ्यात हिरवं ठेवायला रोज लाखो लिटर पाणी, एप्रिल-मे मध्ये, जेव्हा कितीतरी वाड्यांना टँकर लागतो? हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

काहीच नको असंही म्हणत नाही. शहराजवळ एखादी आधीच सपाट असलेली, वापरात नसलेली सरकारी जागा, त्यावर छोटी ड्रायव्हिंग रेंज, जाळी, चार-सहा छोटी होल, गवत पावसाळ्यात हिरवं आणि उन्हाळ्यात पिवळं राहू दे, पिवळ्या गवतावर चेंडू उलट जास्त पळतो. तिकीट क्रिकेटच्या नेटएवढं. स्कॉटलंडमधल्या ट्रूनला, घोंघावत्या वाऱ्यात, ओपनचं सगळ्यात छोटं होल 123 यार्डांचं आहे आणि जगातले मोठे मोठे तिथे रडलेत. छोट्या जागेत गोल्फ होत नाही असं कोण म्हणतं?

भाट्याला आता शाळेतली तीन-चार पोरं माझ्या मागे येतात. त्यांना मी आधी चालायला लावतो, वारा कुठून आहे ते विचारतो, मग क्लब हातात देतो. एक मुलगी आहे सातवीतली, तिचा खूण-पुढे शॉट माझ्यापेक्षा जास्त वेळा बसतो, खरंच सांगतो. अडचण एवढीच की माझे क्लब त्यांना लांब पडतात. तेव्हा पुण्या-मुंबईच्या मित्रांना विनंती, मुलं मोठी झाली म्हणून माळ्यावर टाकलेले ज्युनियर सेट असतील, सात किंवा नऊ नंबरचं एकेक आयर्न जरी असलं, गंजलेलं चालेल, इथे तसंही खाऱ्या हवेने गंजतं, आम्ही गोड्या पाण्याने धुऊन खोबरेल लावतो. कोणी गणपतीला गावी येणार असेल त्याच्याबरोबर पाठवा. पिवळे-केशरी जुने चेंडू असतील तर तेही. मेसेज करा, रत्नागिरी स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येतो.