शाल तुम्हीच घ्या, काका

सोसायटीच्या गणपतीत यंदा 'शोले'तले प्रसंग बसवायचं ठरलं आणि मी गब्बरसाठी दाढी वाढवायला घेतली. भूमिकावाटप बी विंगमधल्या बारावीतल्या दिग्दर्शिकेकडे. तिने माझ्या कपाळाच्या वर पाहिलं आणि हातात शाल ठेवली.

"काका, तुम्ही ठाकूर."

"अगं, पण गब्बर..."

"गब्बरला एनर्जी लागते. शिवाय तुमच्या केसांना पावडर लागणार नाही. बजेट वाचेल."

वाचून वाचून वाचणार काय, तर टाल्कमचा एक डबा! मग मीही हिशेब काढला. ऑगस्ट 1975 मध्ये पिक्चर लागला तेव्हा संजीव कुमार 37 वर्षांचा होता आणि टाकीवर चढून धिंगाणा घालणारा धर्मेंद्र 39 चा. म्हणजे उनाड वीरूच ठाकूरपेक्षा अडीच वर्षांनी थोरला! अमजद खान तर 34 चा.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही सगळ्यांपेक्षा मोठे ना, काका?" असं म्हणून माझ्या नावापुढे टिक केली. "इमामसाहेबांचा रोलही रिकामा आहे. त्यात फार हालचाल नाही."

हंगल तेव्हा 61 चे होते. मी मुकाट्याने शाल घेतली.

आता कळतंय की अख्ख्या पिक्चरमध्ये खरी अंगमेहनत आहे ती ठाकूरलाच. हात दोरीने बांधायचे नाहीत, मुंग्या येतात. तळवे पाठीमागे कमरपट्ट्यात खोचायचे. एकमेकांची कोपरं धरली तर पाठीवर कुबड दिसतं. वर दोन साइझ मोठा कुर्ता, बाह्या रिकाम्या. शालीला पिन लावायची नाही, कारण वाऱ्याने ती उडायला हवी आणि वारा म्हणजे पेडेस्टल फॅन. एवढं सगळं जमलं तरी हात मागे गेले की पोट पुढे येतं, त्याला इलाज नाही. नाक खाजलं तर तेवढ्यापुरता रामलाल शोधावा लागतो.

शेवटी मारामारी, तीही नुसत्या पायांनी! लाथ मारताना माणूस तोल सावरतो तो हातांनी, आणि हात तर कमरेला. सतरंजी सरकली की संपलं. जिना उतरताना कठडा शोधणाऱ्या गुडघ्याला हे काम, आणि ए विंगमधल्या धडधाकट पोराला शिडीवर बसून नुसतं ओरडायचं!

संजीव कुमार 1985 मध्ये गेला, 47 व्या वर्षी. कितीदा केस पांढरे करून पडद्यावर म्हातारा झाला बिचारा, खरं म्हातारपण काही त्याच्या वाट्याला आलं नाही. माझ्या वाट्याला ते आलंय, तर म्हणे बजेट वाचतं.

कालच्या तालमीत बाईसाहेबांनी विचारलं, "काका, लाथ निदान छातीपर्यंत जाईल ना?"

म्हटलं, "गब्बरला वाकायला सांग. त्याच्यात एनर्जी आहे ना!"