भजनी मंडळातून नवा माणूस घालवण्याचे उपाय

तुमच्या भजनी मंडळात अधूनमधून नवीन माणसं येऊन बसतात का? घाबरू नका. जरा नेटाने लक्ष घातलंत तर दोन एकादश्यांत हा त्रास मिटतो.

आधी वेळ. फळ्यावर सात लिहा, जमा साडेआठला. नवखा बिचारा सातला येऊन कुलूप लावलेल्या देवळाच्या पायरीवर बसतो. निम्मं काम तिथेच होतं.

आला की "माउली, माउली" करत वाकून नमस्कार करा. बसायला जागा मात्र देऊ नका. सतरंजीवरच्या जागा ठरलेल्या असतात. तिथले काका कधीचे मुलाकडे राहायला गेले असले तरी जागा काकांचीच.

टाळ द्यायचाच झाला तर दोरी तुटलेला द्या.

चहा मोजून मागवा.

एवढं करूनही टिकलाच आणि चक्री भजनात त्याची पाळी आली, तर पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावर 'सा' धरायचा त्याचा, उपाय रामबाण. परवाच्या एकादशीला आमच्या मंडळाने करून दाखवला. शेजारची मुलगी, गाणं शिकलेली, मीच आग्रहाने नेलेली. तिने हळूच विचारलं, "काका, काळी चार मिळेल का?" म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवरचा 'सा'. पेटीवाले काका हसले. "बाळ, इथे काळी एकच चालते." चालणारच, कारण काकांना तेवढीच येते! बरं, पखवाज एका पट्टीत लावलेला, दरवेळी हातोडी घेऊन ठोकत कोण बसणार, हे मलाही समजतं. पण तो लावलेला तरी होता का? धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावलेली कणीक वाळून गळून पडली होती, नुसती टपटप चाललेली. पोरीने त्याच पट्टीत अभंग धरला, चढाला आवाज चिरकला. लगेच तिघे एकदम म्हणाले, "चाल अशी नाहीये." मग बुवांनी तोच अभंग घेतला. मोबाइलवर बघून. मध्येच फोन वाजला, एक चरण गळाला, आठ मात्रांच्या ठेक्यात सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठल्या कुठे गेली. सगळ्यांनी टाळ कुटून "वा बुवा!" केलं. मी काही बोलायला गेलो तर उत्तर तयार: "अहो, भजनात भाव बघायचा, सूर नाही."

म्हणजे बुवा बेसूर झाले तर तो भाव, आणि पोरीचा आवाज चिरकला तर परंपरेचा अपमान!

आणि भजन आटोपल्यावर चहाचा कप हातात घेऊन सुस्कारा कोण सोडतं? हेच. "नवीन पिढी भजनाला येतच नाही हो."

येते! आली होती, तुम्ही घालवलीत. ज्या चोखोबांचे अभंग डोळे मिटून गाता, त्यांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकू दिलं नव्हतं. ते दार उघडायला 1947 साल उजाडलं आणि साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. तेवढं पाप तुमच्या माथी मारत नाही, पण दार अडवायची खोड तीच आहे. तालमीला कधी बसत नाही, ठेका सांभाळता येत नाही, आणि दुसऱ्याचा सूर तपासायला सगळे पुढे! काळी चार वाजवायला शिका, नाहीतर ज्याला येते त्याच्यापुढे पेटी सरकवा. आणि बुवा, गाताना तो फोन बंद ठेवा.