रडल्यानं कॅन्सर परत येत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'ट्रीटमेंट संपली की कॅन्सर संपला. पुढे जो रडतो, काळजी करतो, तो कॅन्सरला परत बोलावतो. मन खंबीर ठेवा. डोक्याच्या गोळ्या घेऊ नका, सवय लागते.' पाठवणारे आपलीच माणसं आहेत, हे खरं. पण तो वाचून बरी झालेली बाई घरच्यांपासून लपून रडते. म्हणून एकेक दावा तपासू.

'ट्रीटमेंट संपली की संपलं.' उलट मनाचा त्रास बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतो. केमोच्या तारखा, रक्ताचे रिपोर्ट, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या खेपा यांत विचाराला उसंत नसते. सगळं थांबतं, भेटायला येणारेही थांबतात, आणि पुढची तपासणी जवळ आली की झोप उडते. घसा खवखवला तरी 'परत आला का?' असं वाटतं. ही भीती फार जणांना असते.

'रडलं की परत येतो.' साफ चूक, आणि क्रूरही. तोंड-घशाच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. उदास असणं-नसणं आणि जगण्याचा काळ यांचा संबंध त्यात आढळला नाही. धोका वाढतो तो पुन्हा तंबाखू-मावा धरल्यानं. खचलेला माणूस तपासणी चुकवतो, पुडीकडे वळतो. म्हणून उदासी दाबायची नाही, तिच्यावर उपचार घ्यायचे.

'मन खंबीर ठेवा.' मनाचा दोष नसेल तर? मानेला रेडिएशन दिलं असेल, तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी थायरॉइड मंदावतं. थकवा, सुस्ती, उदासी येते. टीएसएच ही थायरॉइडची साधी रक्ततपासणी ते दाखवते. केमोनं पाळी अचानक बंद झालेल्या, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) घेणाऱ्या बायकांना अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, मूड बदलतो. अशा बाईला 'खंबीर हो' सांगून काय होणार? डॉक्टरांना हे सगळं आधी सांगा.

'गोळ्यांची सवय लागते.' झोपेच्या काही गोळ्यांची लागते. नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी लागत नाही. फक्त गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिनसारख्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. कॅन्सरची औषधं कोणती चालू आहेत, हे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर थांबू नका. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत आहे. मराठीत बोलता येतं, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी तेलुगूतही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी फोन करा, आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नका.