‘किंचित’ या शब्दाचा अर्थ कसा लावावा

श्वानप्रदर्शनात परीक्षक म्हणून आपली प्रथमच निवड झाली असेल, तर ब्रीड स्टँडर्ड (म्हणजे त्या जातीचा आदर्श कुत्रा कसा असावा याचे लेखी वर्णन) हे कुत्र्याची पारख करण्यासाठी लिहिलेले असते, ही भाबडी समजूत आधी मनातून काढून टाकावी. ज्या कुत्र्याला फीत द्यायचे मनात ठरले आहे, त्याच्या समर्थनार्थ ते उघडायचे असते. ‘माफक’, ‘पुरेसे’, ‘किंचित’ असे शब्द त्यात जागोजागी पेरलेले असतात ते याचसाठी. आकडे मात्र त्रासदायक. जर्मन शेफर्ड नराची उंची 60 ते 65 सेंटिमीटर, यातून पळवाट निघत नाही, म्हणून पट्टी मागवण्याचा आग्रह आपण होऊन धरू नये.

याच जातीची (आपल्याकडे अजूनही अल्सेशियनच म्हणतात) पाठ अभ्यासासाठी घ्यावी. जर्मन घोडदळातील अधिकारी माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी 1899 मध्ये जातीची संघटना स्थापन केली, तेव्हा त्यांना मेंढरे राखणारा, कामाचा कुत्रा हवा होता. रिंगमध्ये मेंढरे नसतात, तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला. आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे पाठ सरळ आणि पुठ्ठा (शेपटीच्या वरचा, पाठीमागचा भाग) किंचित उतरता असावा. अनुभवी परीक्षक हा ‘किंचित’ पुठ्ठ्यावरून हळूच पुढे सरकवतात, मग तो पाठीवरून खांद्यापर्यंत येतो आणि मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकू लागले की त्याला ‘डौल’ म्हणतात.

पशुवैद्यांपासून चार हात दूर राहावे. 2012 मध्ये इंग्लंडच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात निवडक 15 जातींच्या विजेत्यांची त्यांच्याकडून तपासणी करविली, तर सहा विजेते नापास झाले. डोळे, श्वास, चाल असल्या किरकोळ गोष्टी बघत बसल्यावर दुसरे काय होणार! पुढे 2016 मध्ये त्याच प्रदर्शनात उतरत्या पाठीची एक जर्मन शेफर्ड कुत्री आपल्या जातीत पहिली आली. तिची चाल पाहून प्रेक्षकांनी गहजब केला आणि ब्रिटिश केनेल क्लबला (तिथली स्टँडर्ड ठरवणारी संस्था) स्टँडर्डमध्ये भर घालावी लागली, की कुत्र्याला आधाराविना, शांतपणे व आरामात उभे राहता आले पाहिजे.

कुत्र्याला उभे राहता यावे, हे लेखी नमूद करावे लागले म्हणून आपण खजील होऊ नये. शब्द नवे असले तरी रीत जुनीच. हँडलरच्या (कुत्र्याला रिंगमध्ये फिरवणाऱ्याच्या) हातातला ताणलेला पट्टा हा आधार नव्हे, शिस्त आहे. आणि ‘आरामात’ म्हणजे किती वेळ, हे स्टँडर्डमध्ये कोठेही लिहिलेले नाही.