"मिलानपासून फक्त एक तास" म्हणणाऱ्यांनी एकदा बॅगा घेऊन बेलाजोला जाऊन दाखवा

ते रील बनवणारे लोक असतात ना, इटलीतल्या लेक कोमो तळ्यासमोर वाइनचा ग्लास धरून "मिलानपासून फक्त एक तास, परफेक्ट डे ट्रिप" वगैरे, त्यांना कोणीतरी एकदा माझ्यासमोर आणून बसवा. फक्त एक तास! कुठून कुठे रे बाबा एक तास? मिलानच्या सेंट्राले स्टेशनहून तळ्याकाठच्या वारेन्ना गावाला ट्रेनने तास-सव्वा तास लागतो हे बरोबर, पण फोटो सगळे बेलाजो गावाचे टाकतात, आणि बेलाजो वारेन्नाला नाहीये, समोर आहे, पाण्यापलीकडे. रीलमध्ये हा मधला भाग कापलेला असतो. धक्क्यावरची रांग नसते, आईचा गुडघा नसतो, आणि उतारावर चाक निखळलेली बॅग तर नसतेच नसते.

मुळात नकाशा बघा. तळ्याचा आकार उलट्या वायसारखा, खाली दोन पाय, एकाच्या टोकाला कोमो शहर, दुसऱ्याच्या टोकाला लेक्को, आणि दोन पाय जिथे फुटतात तिथे बरोब्बर मधल्या टोकावर बेलाजो. तीन बाजूंनी पाणी, पाठीमागे डोंगर. त्यामुळे तिथे रेल्वे नाही, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, डोंगर फोडून रेल्वे आणा असं कोण म्हणतंय. पण मग जायचं कसं, तर एक म्हणजे वारेन्नापर्यंत ट्रेन आणि तिथून बोट, दुसरं म्हणजे कोमोपर्यंत ट्रेन आणि पुढे सी-३० नावाची बस, तिसरं कोमोहूनच बोट. तिन्ही गोष्टी आहेत, तिन्ही चालू आहेत, आणि तिघांनी एकमेकांशी अबोला धरलाय. ट्रेनवाल्याला बोट आहे हे माहीत नाही, बोटवाल्याला ट्रेन लेट आहे हे माहीत नाही, बसवाल्याला तर बाकीचे दोघं जगात आहेत हेच माहीत नाही. आणि या तिघांमधलं अंतर कोण भरून काढणार, तर मी, माझा नवरा, दोन म्हातारी माणसं आणि चार बॅगा.

जायचं खूळ आईचं. २०१८ ला दीपिका-रणवीरचं लग्न त्या लेन्नोच्या बाल्बियानेल्लो व्हिलामध्ये झालं, तेव्हापासून आपल्याकडे घराघरात लेक कोमो माहीत झालंय, बाकी इटली राहू दे पण ते तळं बघायचंच. बरं, बघू. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना थोडीच सी-३० पकडायला लागली असणार!

तर सेंट्राले स्टेशन. १९३१ चं बांधकाम, चोवीस प्लॅटफॉर्म, मान वर करून बघत बसावं असं भव्य, सगळं मान्य. आता तिथे बोर्डवर वारेन्ना शोधा. नाही सापडणार. कारण बोर्डवर शेवटच्या स्टेशनचं नाव असतं, तिरानो, जे पार स्विस बॉर्डरजवळ आहे, आणि जे नाव वारेन्नाला चाललेल्या पर्यटकाने आयुष्यात ऐकलेलं नसतं. म्हणजे घरून निघण्याआधीच तुम्ही त्या लाइनचा अभ्यास केलेला पाहिजे. प्लॅटफॉर्म नंबर शेवटच्या काही मिनिटांत लागतो, तोपर्यंत सगळी जत्रा बोर्डखाली माना वर करून उभी, आणि नंबर लागला की जी काही धावाधाव होते ती बघून बाबा म्हणाले, "अगं, हे तर दादरच आहे." तिकिटाच्या मशीनवर सारखं सांगतात, पिकपॉकेटपासून सावध राहा, आणि शेजारीच कोणीतरी "हेल्प, हेल्प" करत तुमच्या पाकिटाकडे बघत उभा असतो. कागदी तिकीट घेतलं असेल तर गाडीत चढायच्या आधी ते छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असून दंड! पैसे भरलेत, तिकीट हातात आहे, आणि तरी तुम्ही विदाउट. हा नियम कोणाच्या सुपीक डोक्यातून आला असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार.

गाडीत सीट नंबर नसतो, रिजनल ट्रेन आहे, ज्याला मिळेल त्याने बसा. उन्हाळ्यातल्या शनिवारी म्हणजे काय विचारूच नका. दोन म्हातारी माणसं लेक्कोपर्यंत दारात, सायकलींच्या आणि बॅगांच्या मध्ये, आणि सीटवर कोण तर आपापल्या बॅकपॅकला शेजारची सीट देऊन कानात हेडफोन घालून बसलेली विशीतली पोरं. शेवटी नवऱ्याने एकाला सरळ खांद्यावर टॅप करून उठवलं तेव्हा आईला जागा मिळाली, बाबा उभेच. एसी होता असं म्हणतात. मला लागला नाही.

आणि मग लेक्कोच्या पुढे गाडी थांबली. अशीच. स्टेशनात, पण निघायचं नाव नाही. कारण काय, तर लेक्को ते कोलिको हा पट्टा सिंगल लाइन आहे, १८९० च्या दशकात तळ्याच्या काठाने बोगदे खणून टाकलेला, आणि आजही एकच रूळ. समोरून येणारी गाडी लेट असली की आपली गाडी क्रॉसिंगला उभी, मग आपली लेट झाली की तिसरी कुठेतरी उभी, असं दिवसभर एकमेकांना लेट वाटत बसायचं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, दुसरा रूळ टाकायला जागा नाही हे मला दिसतंय हो, मी आंधळी नाहीये. पण मग जर तुम्हाला शंभर वर्षांपासून माहीत आहे की इथे गाडी लेट होणार, तर समोरची बोट पाच मिनिटं थांबवता येत नाही? एक फोन? घंटी? शिट्टी? काहीही?

वारेन्नाला उतरलो. स्टेशन वर, धक्का खाली, दहा मिनिटं उताराने चालत. गुगल मॅप्सने काय सांगितलं होतं माहितीये का, ट्रेनमधून उतरा आणि सात मिनिटांनी बोट पकडा. सात मिनिटांत तो उतार बॅगा घेऊन कोण उतरतं? पी. टी. उषा? आम्ही खाली पोचलो तेव्हा बोट निघालेली दिसत होती, अगदी छान दिसत होती, पांढरी शुभ्र, निळ्या पाण्यावर, फोटो काढावा अशी.

मग तिकिटाची रांग. धक्क्यावर बोटी तीन जातीच्या, एक गाड्या वाहणारी फेरी जिच्यात पायी माणसालाही घेतात, एक साधी संथ बोट, एक जलद बोट जिचे पैसे जास्त आणि साध्या बोटीचं तिकीट तिला चालत नाही. हे सगळं एका बोर्डवर बारीक अक्षरात, वर कोणत्या वारी कोणती, सुट्टीच्या दिवशी कोणती, सीझन संपला की कोणती, त्याच्या खुणा आणि तारे. ज्योतिषी पण इतके तारे बघत नसेल. आम्ही रांगेत असताना एक बोट आली आणि भरून गेली, आमच्या पुढच्या माणसापर्यंत तिकीट मिळालं आणि आम्ही पुन्हा उन्हात उभे. सावलीला काही नाही. आईला बसायला बाक नाही, एक होता त्यावर कोणाचा तरी कुत्रा बसला होता, मालकीणबाईंसकट. प्रवास स्वतः किती, पंधरा मिनिटं! तिकीट चार-पाच युरो! त्या पंधरा मिनिटांसाठी तासाच्या वर उभं.

आता कोणीतरी येऊन म्हणेलच, अहो निसर्ग बघा, मजा घ्या, स्लो ट्रॅव्हल. मांडव्याला जाऊन या मग. गेटवेवरून मांडव्याची बोट पकडा, तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. बोट लागली की बस उभी, सगळे चढले की निघाली. एसी नाही, सीट फाटलेली असेल, ड्रायव्हर खेकसेल, पण बोटीतून उतरलेल्या माणसाला पुढे जायचंय एवढी साधी अक्कल आपल्या लोकांना आहे! आणि ते जाऊ दे, आपलं कशाला, त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठावर मेनाजो आहे, तिथून बसने तासाभरात स्वित्झर्लंडचं लुगानो. बॉर्डर ओलांडली की एकाच पासवर ट्रेन, बस, बोट सगळं. डोंगर तेच, पाणी तसंच, भाषासुद्धा तीच, इटालियन. मग अडतंय कुठे?

परतीला म्हटलं वारेन्नाचं नाव नको, कोमोमार्गे जाऊ, बसने. तीसेक किलोमीटर, सव्वा तास. का, तर तो काठावरचा रस्ता इतका अरुंद आहे की दोन बसेस समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं, आणि मध्ये भाड्याच्या गाडीतला कोणी टुरिस्ट अडकला असेल तर मग काय, सगळे उतरून त्याला रिव्हर्स शिकवा. ड्रायव्हर लोक मात्र कमाल आहेत, हे कबूल केलं पाहिजे, भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून वळवतात. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो एवढ्या गर्दीला एवढीच बस सोडणाऱ्यावर. तिकीट कुठे मिळतं, तर तंबाखूच्या दुकानात, दारावर मोठा टी लावलेला असतो तिथे. दुकान दुपारचं बंद. आपल्याला पुण्याचे म्हणून एक ते चारचे टोमणे मारतात ना लोक, त्यांना इटली दाखवा.

आणि या सगळ्यात मला खरं वाईट कशाचं वाटलं सांगू का, आमचं नाही. स्टॉपवर एक आजीबाई होत्या, तिथल्याच, भाजीची पिशवी घेऊन, मधल्या कुठल्यातरी गावी जायचं होतं त्यांना. बस आली ती आमच्यासारख्यांनी आधीच गच्च, दार उघडलं, ड्रायव्हरने हात हलवला, जागा नाही, दार बंद. आजींनी शिव्या दिल्या, भाषा कळत नसली तरी सूर कळतो. हॉटेलात भांडी घासणारे, शाळेची पोरं, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, सगळे त्याच एका बसवर. पर्यटकांकडून रग्गड पैसा येतोय, एका कॉफीला तुम्ही पाण्याच्या व्ह्यूचे वेगळे पैसे लावता, आणि त्यातून सीझनला दोन बसेस जास्त सोडवत नाहीत? ज्यांच्या व्हिलाला स्वतःचा धक्का आणि स्वतःची बोट आहे त्यांना काय फरक पडतो म्हणा.

बसमध्ये आम्हालाही जागा मिळाली नाहीच. म्हणजे पुन्हा हॉटेलवर, बॅगा पुन्हा त्या दगडी पायऱ्यांवरून वर. बेलाजोच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच, फोटोत फार सुंदर, बॅगेच्या चाकांना मरण. बाबा एक एक पायरी मोजत होते, मी म्हटलं बाबा तुम्ही बॅग ठेवा खाली, तर म्हणाले, "ठेवली तर घसरत तळ्यात जाईल."

दुसऱ्या दिवशी मिलानच्या मालपेन्सा विमानतळावरून विमान. आणि रिसेप्शनवरचा मुलगा हसत हसत सांगतो, उद्या ट्रेनचा संप आहे. हसत! तिथे हे पावसाच्या बातमीसारखं सांगतात. संपावर माझा आक्षेप नाही, कामगारांचा हक्क आहे आणि त्यासाठी तिथे १९९० चा रीतसर कायदाही आहे, आधी नोटीस द्यावी लागते, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या रिजनल गाड्या सोडाव्याच लागतात. म्हणजे आमची अकराची आरामाची ट्रेन गेली, आता नऊच्या आतली पकडायची, म्हणजे त्याच्या आधीची बोट पकडायची, म्हणजे पहाटे उठून म्हाताऱ्या माणसांना अंधारात पायऱ्या उतरवायच्या, चहा नाही, नाष्टा नाही, नाष्ट्याचे पैसे भरलेले. मी त्याला विचारलं, आणि बोट? बोटीचा पण संप आहे का? तर म्हणे नाही नाही, बोटी उद्या व्यवस्थित चालू, बोटीचा संप वेगळा असतो, वेगळ्या तारखेला. संपसुद्धा एकत्र करत नाहीत हो हे लोक!