मिलिमीटरला साडेसोळा हजार

घरातली एखादी वस्तू बंद पडली की नवी आणायची, यात वाद नसतो. मिक्सर जळला, आणला. पंखा गेला, आणला. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंखा गेला तर घरात कुणी किंमतसुद्धा विचारत नाही. खरी पंचाईत होते ती धड बंदही पडत नाही आणि धड चालतही नाही अशा वस्तूची. माझा छोटा टॅब सध्या या अवस्थेत आहे, आणि त्याच्यामुळे मीही.

टॅब म्हणजे आयपॅड मिनी ४, २०१५ सालचं मॉडेल. कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या साली २ जीबी रॅम म्हणजे चैन होती. पण त्याची सिस्टिम आयपॅडओएस १५ वर येऊन थांबली. २०२२ मध्ये १६ आलं, तेव्हा आमच्या टॅबला पंगतीत पानच मांडलं नाही. तेव्हापासून कुठलंही नवं ॲप उतरवायला गेलं की तो नम्रपणे विचारतो, ‘जुनी आवृत्ती चालेल का?’ आम्ही म्हणतो, चालेल. न म्हणून सांगतो कुणाला? बँकेचं ॲप मात्र तेवढंही विचारत नाही. ते उघडतं, माझ्याकडे एकवार बघतं आणि मिटतं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. जीएसटीची परिपत्रकं, सुताची बिलं, स्टेटमेंटं, सगळं हल्ली पीडीएफमध्ये येतं आणि ते वाचायला मला हाच टॅब बरा पडतो. फाइल उघडली की आधी पांढरं पान दिसतं. मग त्यावर करडे ढग जमतात. ढगांतून एकेक आकडा बाहेर यायला लागतो. सगळे आकडे स्पष्ट झाले, आता वाचू या, म्हणून चष्मा पुसून डोळ्यांवर चढवावा तर बॅटरी संपते. ती संपण्याची रीतही न्यारी. ४१ टक्के दिसत असतात. एक कलम वाचून वर बघावं तर ९. माझा जन्म आकडेमोडीत गेला, पण हे ३२ टक्के कुठल्या खात्यावर पडले याचा ताळमेळ लागत नाही.

चार्जिंगचा सोहळा वेगळाच. वायर डावीकडून किंचित वर उचलून धरावी लागते, म्हणून तिच्याखाली शेंगाचटणीची बरणी टेकू दिलेली आहे. बरणी भरलेली असेल तर चार्जिंग होतं, अर्धी झाली की हलकी होऊन सरकते. नळाला पाणी यायचा दिवस असला की आधी चार्जर उपटला जातो, कारण त्याच प्लगला मोटर लागते. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा तक्रार करायची सोय नाही.

शिवाय उन्हाळा. या टॅबच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय की भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं. शून्याची बाजू आम्ही आजवर कसोशीने पाळली. पस्तीसचं मात्र जमत नाही. मे महिन्यात तेवढं आमच्याकडे सकाळच्या चहाला असतं. दुपारी तो काळा पडतो आणि सूचना देतो की वापरण्यापूर्वी आयपॅड थंड होणं आवश्यक आहे. बारा ते पाच ही पाटी अख्ख्या सोलापूरच्या कपाळावर असते. मी त्याला टॉवेल ओला करून, पिळून, शेजारी ठेवतो. टॉवेल कारखान्याचाच असतो.

एवढं सगळं मी घरात मांडलं. अगदी मुद्देसूद मांडलं. त्यावर बायकोचा एकच प्रश्न: “पण चालू आहे ना?”

इथे माझं सगळं खचतं. कारण चालू आहे. तो पडतो, पण फुटत नाही. पुतण्याने त्याच्यावर बसून जेवण केलं, तरी चालू आहे. आणि हे गाव असं की इथे चालू असलेली वस्तू टाकणाऱ्या माणसाकडे लोक चमत्कारिक नजरेने बघतात. सोलापुरी चादर कशी, आजोबांच्या अंगावरून नातवाच्या पाळण्याखाली जाते, तिथून इस्त्रीच्या टेबलावर आणि शेवटी गाडी पुसायला, पण “टाकली” असं कुणी म्हणत नाही. तसं या टॅबचं होणार हे मला दिसत होतं. एक पायरी झालीच आहे. आईने तो पहाटेच्या पंढरपूरच्या लाइव्ह दर्शनासाठी ताब्यात घेतलाय. भाकऱ्या थापून थापून तिच्या बोटांचे ठसे गुळगुळीत झालेत, त्यामुळे टॅब तिला ओळखत नाही. पण ते गोल बटण तिला पाठ आहे. नव्या मिनीला पुढे बटणच नाही, ठसा वरच्या कडेच्या बटणावर द्यायचा, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “बटण नाही? मग विठोबासमोरून बाहेर कसं पडायचं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सल्लागारांना तोटा नाही. हुतात्मा चौकात भेटणारा माझा एक मित्र दरवर्षी हप्त्यावर फोन बदलतो. तो म्हणाला, “घेऊन टाक की बे! मेल्यावर वापरणार का?” पुण्याचे मेहुणे अभ्यासू. त्यांनी इतिहासच काढला: मिनी ४ नंतरचा २०१९ ला आला, मग २०२१, मग २०२४. २०२१ च्या मिनीत म्हणे उभा धरून मजकूर सरकवला की पडद्याची एक बाजू दुसरीच्या मागे रेंगाळते, जगभर त्याची चर्चा झाली होती. “आणि आता थांबच,” ते म्हणाले, “पुढच्यात ओएलईडी पडदा येणार अशी बोलवा आहे.” मेहुण्यांच्या मताने कुठलीही वस्तू घेण्याची योग्य वेळ म्हणजे पुढची. त्यांनी अजून फ्लॅट घेतलेला नाही.

बायकोचा मुद्दा जास्त टोकदार होता. “तुमचा फोनच केवढा झालाय. वर टॅब कशाला?” खरंय, २०१२ मध्ये पहिला मिनी आला तेव्हा त्याच वर्षीच्या आयफोनचा पडदा ४ इंची होता आणि मिनीचा ७.९. आता पावणेसात इंची फोन कुणाच्याही खिशात असतो. पण हे तिरके इंच फसवे असतात. दोन्हींची रुंदी मोजली तर फोनचा पडदा सात सेंटिमीटर भरतो आणि माझ्या टॅबचा बारा. जीएसटीचा तक्ता सात सेंटिमीटरमध्ये वाचायचा म्हणजे प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे वारी.

मोजायला बसलोच होतो, म्हणून नव्याचंही मोजायचं ठरवलं. खिशात मुलाची पट्टी घालून नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो. २०२४ चा मिनी, ८.३ इंची, किंमत ४९,९०० पासून पुढे. विक्रेता पोरगा उत्साही होता. ८ जीबी रॅम, ए१७ प्रो चिप, नवी पेन्सिल, कृत्रिम बुद्धिमत्ता, तो सांगत गेला. मी पट्टी काढली तसा तो थांबला.

नव्या पडद्याची रुंदी ११.६ सेंटिमीटर. म्हणजे जुन्याहून कमी! वाढलीय ती उंची. पट्टी उलटीसुलटी करून, ए फोर कागदाचं प्रमाण धरून, मी तिथेच काउंटरवर हिशेब केला. पूर्ण पान दिसेल असं ठेवलं तर ते माझ्या जुन्या टॅबवर ११.३ सेंटिमीटर रुंद दिसतं आणि नव्यावर ११.६. फरक ३ मिलिमीटर. ४९,९०० भागिले ३.

“मिलिमीटरला साडेसोळा हजाराच्या वर पडतात,” मी म्हणालो.

पोरगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, ढग पण येणार नाहीत की.” हा मुद्दा बिनतोड होता. मी त्याच्याकडे ४० पानी परिपत्रक उघडून बघितलं होतं. पापणी लवायच्या आत सगळी पानं समोर हजर. मला तो पडदा हातातून खाली ठेववेना. १२-१३ हजारांत पावणेनऊ इंची अँड्रॉइडचा टॅब मिळतो, तोही त्याने दाखवला, पण एकदा तो वेग बघितल्यावर मन त्याच्यात रमेना. मग त्याने जुना बघायला मागितला, हातात घेऊन मागे-पुढे केला आणि विचारलं, “हे अजून चालू हाय?” एक्स्चेंजमध्ये त्याचे किती येतील तेही सांगितलं. त्यात डबल बेडची चादर आली असती. उशांचे अभ्रे वेगळे घ्यावे लागले असते.

परत येताना त्याच गल्लीत दुरुस्तीचा एक गाळा दिसला. पाटी होती, ‘बॅटरी बदलून मिळेल’. गाळेवाल्याने टॅब उलटा करून कानापाशी ठोकून बघितला आणि म्हणाला, “बॅटरी मिळंल. चार्जिंगचा जॅक पण बघतो. पण काका, याची काच आणि डिस्प्ले एकात एक चिकटवलेलं असतं. उघडताना काच गेली तर सगळंच गेलं. आपली गॅरंटी नाही.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काच गेली तर! माझ्या हातून नाही, आईच्या हातून नाही, पुतण्याच्या बुडाखाली नाही. एका कारागिराच्या हातून, दुरुस्तीच्या सद्हेतूने, रीतसर. मग घरात कोण काय म्हणणार? “चालू आहे ना?” या प्रश्नाला मला आयुष्यात पहिल्यांदा “नाही” म्हणता आलं असतं.

“बिनधास्त उघडा,” मी म्हणालो. “काच गेली तर गेली. मी एक शब्द बोलणार नाही.”

“नक्की?”

“लिहून देतो.”

त्याने मशीनवर टॅब गरम करायला ठेवला. मी स्टुलावर बसून नव्याला कुठल्या रंगाचं कव्हर घ्यावं याचा विचार करत होतो. निळा आईला आवडेल. तो माणूस जुन्या हाडाचा निघाला. पातळ पत्री कडेने आत सरकवायची, थांबायचं, पुन्हा गरम करायचं, पुन्हा एक दोरा सरकवायची. मध्ये चहा आला, त्याने हात लावला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता आणि माझ्या मनात पाप होतं. एकदा ‘टक्’ असा आवाज आला. मी आशेने उठलो. गोंद सुटला होता.

संध्याकाळी टॅब माझ्या हातात आला. काचेवर ओरखडा नाही. शंभर टक्के चार्जिंग, वायर कशीही लावा, लागते. बरणी मोकळी झाली. ढग मात्र तसेच आहेत, कारण ढग बॅटरीत नसतात.

“काय टेन्शन घेऊ नका,” पैसे मोजून घेत गाळेवाला अभिमानाने म्हणाला. “आता पाच वर्षं बघायचं काम नाही.”