‘हक्कांची नवी सनद’ मागणाऱ्या मेसेजला उत्तर

प्रजासत्ताक दिन जवळ आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. आशय असा: आपले मूलभूत हक्क इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यातून उचललेले आहेत, त्यात प्रायव्हसी नाही, इंटरनेट नाही, सरकारच्या मनात आलं की ते गुंडाळता येतात, हक्क ढीगभर आणि कर्तव्यं शून्य. खुद्द ब्रिटननेही नवी सनद करायला घेतली, तेव्हा भारतालाही नवी राष्ट्रीय हक्कसनद हवी. मी शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करतो. गप्प बसवत नाही.

आधी १९३५ चं. त्या कायद्यात मूलभूत हक्कांचं प्रकरणच नाही. सायमन कमिशनला आणि पुढे ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीला ही मागणी पटली नव्हती. राज्यकारभाराची पुष्कळशी यंत्रणा त्या कायद्यातून आली हे खरं; हक्क नव्हे. हक्कांची मागणी इथली. १८९५ च्या स्वराज्य विधेयकात ती आहे, १९२८ च्या नेहरू अहवालात आहे, १९३१ च्या कराची ठरावात आहे.

‘मग अमेरिकेची कॉपी’ म्हणणाऱ्यांनी कलम १५ चा दुसरा खंड वाचावा. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरायला धर्म, जात, लिंग या कारणावरून कुणाला मज्जाव करता येणार नाही, असं त्यात आहे. अमेरिकेच्या सनदेत विहीर शोधून सापडणार नाही. ती आपल्या गंज पेठेतून आली, जिथे जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ती १९२३ च्या बोले ठरावातून आली. मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले तो हा ठराव. महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला होता, तरी पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन ते घेतलं, आणि तळं खासगी असल्याचं सांगत सवर्णांनी लावलेल्या दाव्याचा हायकोर्टातला निकाल लागला १९३७ मध्ये! ठराव कागदावर यायला एक सभा पुरली, तो तळ्यापर्यंत पोचायला चौदा वर्षं. माझं सगळं म्हणणं याच अंतराबद्दल आहे.

प्रायव्हसी आणि इंटरनेटचंही तेच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. संविधानात एक शब्द न बदलता. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून अटक झाली; तो प्रकार ज्या याचिकेमागे होता, तीत आयटी कायद्याचं कलम ६६अ २०१५ मध्ये रद्द झालं. तरी सहा वर्षांनी, २०२१ मध्ये, याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचं पुन्हा न्यायालयासमोर आलं. हक्क होता, निकाल होता, पोलीस ठाण्यात पोचला नव्हता. नव्या सनदेत ‘इंटरनेट’ शब्द घातला असता तर पोचला असता का?

मी रोज पाहतो ते कलम २२. अटक केलेल्याला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं. रिमांडच्या कागदात अटकेची वेळ लिहिलेली असते रात्री साडेनऊ. बाहेर बाकावर बसलेली आई सांगते, ‘साहेब, त्याला सकाळी चहाच्या वेळी उचललाय.’ मधल्या बारा तासांना ‘चौकशीला बोलावलं होतं’ म्हणतात आणि ते कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. यावर हायकोर्टात जायचं तर पुणेकराला मुंबई गाठावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आलं, पण त्यात पुणे जिल्हा नाही.

‘गुंडाळता येतात’ हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. आणीबाणीत मिसाखाली (खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा तेव्हाचा कायदा) येरवड्यात डांबलेली माणसं या शहरात अनेक घरांत होती, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासारख्यांना दादच मागता येत नाही असं म्हटलं. पण मेसेज तिथेच थांबतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तजवीज केली. तो १९७६ चा निकाल २०१७ च्या त्याच खासगीपणाच्या निकालात मोडीत निघाला. आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालामुळे संसदेला संविधानाच्या मूलभूत चौकटीला हात लावता येत नाही. नवी सनद लिहिली की पहिला प्रश्न येणार: जुन्या शब्दांवरचे हे निकाल नव्या शब्दांना लागू होतात का? सरकारी वकील ‘नाही’ म्हणणार, हे मी आजच लिहून देतो.

ब्रिटनचं उदाहरण तर उलटंच आहे. तिथलं नव्या हक्कसनदेचं विधेयक जून २०२२ मध्ये मांडलं गेलं आणि जून २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यांच्या संसदेच्या मानवी हक्क समितीनेच ते पुढे नेऊ नका असं सांगितलं होतं, कारण त्याने असलेलं संरक्षण पातळ होत होतं. राहिली ‘शून्य’ कर्तव्यं: ती १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ५१क मध्ये आहेत. पुढे.

संविधानात त्रुटी नाही असं माझं म्हणणं नाही. कलम २२ प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला मुभा देतं. एमपीडीएखाली (गुंडांना स्थानबद्ध करण्याचा राज्याचा कायदा) अमुक सराईत वर्षभरासाठी स्थानबद्ध, ही बातमी पुण्याच्या पेपरात नित्याची. खटला नाही, शिक्षा नाही, तरी माणूस कारागृहात. स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे पाहणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिने ठेवता येतं, आणि त्या मंडळावर न्यायाधीश होण्यास नुसते पात्र असलेलेही चालतात. हे कडक करणारी दुरुस्ती संसदेने केलेली आहे: मुदत दोन महिने, मंडळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने, सदस्य आजी-माजी न्यायाधीशच. ती त्याच ४४ व्या घटनादुरुस्तीच्या कलम ३ मध्ये आहे. फक्त ते कलम अमलात आणण्याची अधिसूचना १९७८ पासून आजवर एकाही केंद्र सरकारने काढलेली नाही, मग ते कोणत्याही पक्षाचं असो. त्यासाठी ना नवी सनद लागते, ना दोनतृतीयांश बहुमत. राजपत्रात चार ओळी लागतात. मेसेज पाठवायचाच असेल तर आपल्या खासदाराला हा पाठवा.